डिजिटल चित्रातली कड नेमकी कुठे विरघळते?

गेल्या जुलैत ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या रविवारच्या वर्गात अकरावीतली एक मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती. चित्र उपवन तलावाचं. समोर पाणी, एका बाजूला पायऱ्या, पायरीवर गळ टाकून बसलेला माणूस आणि मागे येऊरचा डोंगर. प्रमाणं बरोबर होती, पावसाळी आभाळाचा तो राखाडी-हिरवा उजेडही तिला नेमका सापडला होता. पण सगळं चित्र वाफ धरलेल्या काचेतून बघितल्यासारखं दिसत होतं. पायरीला धार नव्हती, माणसाचा खांदा कुठे संपतो ते कळत नव्हतं, डोंगर आभाळात विरघळला होता. "ताई, हार्डनेस शंभर टक्के ठेवलाय, तरी असंच येतं," ती म्हणाली. "नवीन ब्रश डाउनलोड करू का?" (हार्डनेस म्हणजे ब्रशची कड किती कडक ठेवायची ते सेटिंग.)

हा प्रश्न मला दर बॅचला कुणीतरी विचारतंच. मुलं नेटवरून दोन-दोनशे ब्रश उतरवून घेतात, एकेक करून बघतात आणि शेवटी आपला हातच वाईट आहे अशी समजूत करून घेतात. ती समजूत मला फार खटकते, कारण बहुतेक वेळा हाताचा काही दोष नसतो. पेनचं टोक टॅब्लेटला टेकल्यापासून चित्र दुसऱ्याच्या फोनवर पोचेपर्यंत कड सहा-सात टप्प्यांतून जाते. त्यातल्या कुठल्याही एका टप्प्यावर ती पसरते आणि एकदा पसरली की पुढच्या टप्प्यांना ती सहसा गोळा करता येत नाही. तेव्हा अंदाजाने बटणं फिरवण्यापेक्षा ती कुठे पसरली हे शोधून काढायचं. त्यासाठी एक साधी सवय लागते, मोजण्याची.

आठशे टक्क्यांवर काय दिसतं

चित्र ८०० टक्के झूम करा. आता रेघ दिसत नाही, चौकोन दिसतात. प्रत्येक चौकोन म्हणजे एक पिक्सेल आणि एका पिक्सेलला एकच रंग. अर्धा काळा, अर्धा पांढरा असा पिक्सेल नसतो. तिरकी रेघ अशा चौकोनांत बसवायची तर तिच्या पायऱ्या होणारच. त्या पायऱ्या डोळ्याला बोचू नयेत म्हणून सॉफ्टवेअर कडेच्या पिक्सेलना मधला रंग देतं. याला अँटी-अलायझिंग म्हणतात.

उदाहरण घेऊ. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. डोंगराचा रंग ४०, आभाळाचा २२०. डोंगराची कड एका पिक्सेलमधून अशी गेली की त्याचा ४० टक्के भाग डोंगरात आणि ६० टक्के आभाळात आला. मग त्या पिक्सेलला ४० चे ४० टक्के म्हणजे १६, अधिक २२० चे ६० टक्के म्हणजे १३२, मिळून १४८ हा रंग मिळतो. डोंगर ४०, मग एकच पिक्सेल १४८, मग लगेच आभाळ २२०. गुळगुळीत तिरक्या रेघेची यापेक्षा करकरीत कड असू शकत नाही.

मोजमाप इथूनच मिळतं. एका रंगातून दुसऱ्या रंगात जायला किती पिक्सेल लागले? एक-दोन लागले तर कड धारदार आहे. पाच-सहा लागले तर ती मऊ झाली. पंधरा-वीस लागले तर ती कड राहिली नाही, रंगांचा उतार झाला. मी मुलांना पहिल्याच दिवशी हे मोजायला लावते. एखादा स्ट्रोक मारला की झूम करायचं आणि बोट ठेवून पिक्सेल मोजायचे.

ज्यांना मधला रंग अजिबात नको असतो त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. फोटोशॉप आणि गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधलं पेन्सिल टूल अँटी-अलायझिंग करत नाही. क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये त्याच्या चार पायऱ्या आहेत: अजिबात नाही, कमी, मध्यम, जास्त. क्रिटाच्या पिक्सेल ब्रशमध्ये शार्पनेस नावाचा पर्याय आहे. पिक्सेल आर्टला हे हवंच. कॉमिकचे सपाट रंग भरताना बादलीने (एका टिचकीत बंद भाग भरणाऱ्या टूलने) पटकन भरता यावं म्हणूनही ते कामी येतं. पण चित्र रंगवताना मी अँटी-अलायझिंग चालूच ठेवायला सांगते. करकरीत कड आणि करवतीच्या दातांसारखी कड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्ट्रोक म्हणजे ठिपक्यांची रांगोळी

कागदावर कुंचला ओढला की केस सलग घासत जातात. सॉफ्टवेअरमध्ये तसं काही होत नाही. तिथे ब्रश म्हणजे एक ठसा. पेन सरकेल तसा तो ठसा ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा उमटत जातो, आणि ठसे एकमेकांवर चढल्यामुळे आपल्याला सलग फटकारा दिसतो. ठिपक्यांची रांगोळी काढताना ठिपके इतके जवळ दिले की रेघ वेगळी काढावी लागू नये, असंच समजा. हे एकदा डोक्यात बसलं की ब्रशच्या सेटिंगमधली निम्मी नावं आपोआप उलगडतात.

दोन ठशांमधलं अंतर म्हणजे स्पेसिंग. ते ब्रशच्या व्यासाच्या टक्क्यांत मोजतात. फोटोशॉपच्या साध्या गोल ब्रशला ते साधारणपणे २५ टक्के असतं. आता गोल ठसे ओळीने ठेवले की त्यांच्या कडांना महिरपीसारखे बाक येतात आणि दोन ठशांच्या मध्ये खाच पडते. ती किती खोल? साध्या भूमितीने काढता येतं. १०० पिक्सेलचा ब्रश आणि २५ टक्के स्पेसिंग असेल तर खाच सुमारे १.६ पिक्सेल. २० पिक्सेलच्या ब्रशला तेवढ्याच स्पेसिंगवर फक्त ०.३ पिक्सेल, म्हणजे डोळ्याला न दिसणारी. पण ३०० पिक्सेलच्या ब्रशला जवळजवळ ४.८ पिक्सेल. म्हणून बारीक ब्रशने सुरेख येणारी कड तोच ब्रश मोठा केल्यावर शंकरपाळ्याच्या कातणीने कापल्यासारखी होते. मोठ्या ब्रशचं स्पेसिंग १० टक्क्यांवर आणलं की १०० पिक्सेलवरची खाच पाव पिक्सेलवर येते आणि प्रश्न संपतो.

मग सरळ १ टक्काच का ठेवू नये? तेही महागात पडतं, आणि हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. कडेच्या एखाद्या पिक्सेलवर ठसा २० टक्केच रंग टाकतोय असं धरा. तोच पिक्सेल पुढच्या ठशाच्या कडेतही येतो. दुसऱ्या ठशाने उरलेल्या ८० टक्क्यांतले २० टक्के भरले. असे पाच ठसे पडले की पिक्सेल ६७ टक्के भरतो, दहा पडले की ८९ टक्के. म्हणजे मधला रंग मधला राहतच नाही, पिक्सेल जवळजवळ पूर्ण भरून जातो. ठसे जितके दाट, तितकं अँटी-अलायझिंग पुसलं जातं आणि बारीक रेघेला पुन्हा करवतीचे दात फुटतात. माझा अनुभव असा की गोल कडक ब्रशसाठी ५ ते १० टक्के हा सुखाचा पट्टा आहे.

आता हार्डनेस. ठसा मध्यापासून कडेपर्यंत कुठवर गच्च भरलेला आहे, हे तो सांगतो. ढोबळमानाने ८० टक्के हार्डनेस म्हणजे त्रिज्येचा ८० टक्के भाग गच्च आणि शेवटचा २० टक्के भाग विरत जाणारा. यातली मेख अशी की हे प्रमाण आहे, पिक्सेल नाहीत. २० पिक्सेलच्या ब्रशची त्रिज्या १०, तिचे २० टक्के म्हणजे २ पिक्सेल. कड ठीकच दिसते. ब्रश २०० पिक्सेलचा केला, त्रिज्या १०० झाली, की तोच ८० टक्के हार्डनेस २० पिक्सेलचा उतार देतो. मुलं छोट्या ब्रशवर सेटिंग लावतात, मग डोंगर भरायला ब्रश दसपट करतात आणि हार्डनेस तर तोच आहे असं म्हणतात. आकडा तोच असतो, कड दसपट रुंद झालेली असते.

गावदेवी मैदानात पाडव्याला मोठी रांगोळी काढतात, ती काढताना कधी जवळून बघा. रंग पसरणारा हात उंच असतो, कडा फुललेल्या पडतात. मग वरची पांढरी रेघ काढणारी बाई चिमूट जमिनीलगत आणते आणि रेघ कापल्यासारखी उमटते. रांगोळी तीच, चिमूटही तीच. उंची बदलली की कड बदलते. मऊ ब्रश म्हणजे उंचावरून सोडलेली चिमूट.

एक गोष्ट उतरवून घेतलेल्या ब्रशबद्दल. त्यातले बरेचसे गणिताने काढलेले गोल नसतात, चित्रातून घेतलेले ठसे असतात. ठसा २०० पिक्सेलचा बनवला असेल आणि तुम्ही तो ८०० वर वापरला तर सॉफ्टवेअर तो ताणतं, आणि ताणलेल्या चित्राची कड पसरतेच. अशा ब्रशला फोटोशॉपमध्ये हार्डनेसची पट्टी चालतही नाही. म्हणून कडेचं काम साध्या गोल किंवा चपट्या ब्रशने करा. पोतासाठी बाकीचे ब्रश आहेतच.

दाब, ओपॅसिटी आणि इंटरमिजिएटचे पोस्टर कलर

उपवनच्या चित्राचं दुखणं या टप्प्यावर निघालं. आम्ही डोंगराची कड झूम करून मोजली. नऊ पिक्सेल. हार्डनेस खरंच १०० होता, स्पेसिंगही ठीक होतं. पण ते नऊ पिक्सेल एकसारखे उतरत गेलेले नव्हते. टप्पे होते त्यात, जिन्यासारखे. जिना दिसला की समजायचं, एकच कड पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या जागी काढली गेली आहे.

तिच्या ब्रशला पेनचा दाब ओपॅसिटीशी, म्हणजे रंग किती अपारदर्शक पडतो त्याच्याशी, जोडलेला होता. पेन हलकं टेकवलं तर रंग २०-३० टक्के पडतो, जोर दिला तर पूर्ण. नवीन शिकणारा घाबरत घाबरत हलकं रेखाटतो. पहिला फटकारा २५ टक्क्यांचा, दुसरा जरा बाहेरून, तिसरा जरा आतून. प्रत्येकाची कड आपापल्या जागी एक पिक्सेलचीच होती. पण पारदर्शक रंगाचे सहा-सात थर एकमेकांपासून थोडे सरकून बसले की डोळ्याला एकही कड दिसत नाही, धूर दिसतो.

ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली आहे त्यांना हे आतून माहीत आहे. संकल्पचित्रात पोस्टर कलर भरताना बाई काय सांगायच्या? रंगात पाणी बेताने घाला, साईसारखा दाट ठेवा, एका हातात भरा. रंग पातळ झाला की पहिला हात अर्धवट झाकतो, म्हणून दुसरा मारावा लागतो, दुसऱ्याची कड पहिल्यावर बरोबर बसत नाही आणि पाकळीला दुहेरी काठ येतो. दाबाला जोडलेली ओपॅसिटी म्हणजे पाणी जास्त झालेला रंग.

उपाय एका मिनिटाचा आहे. फोटोशॉपमध्ये वरच्या पट्टीत ओपॅसिटीशेजारी दाबाचं छोटं बटण असतं, ते बंद करा. ब्रश सेटिंग्जमध्ये ट्रान्सफर बंद करा. दाब चालू ठेवायचा तर तो आकाराशी जोडा, म्हणजे हलक्या हाताने बारीक रेघ आणि जोर दिला की जाड. रंग मात्र नेहमी गच्च. क्रिटात बेसिक-५ साइझ नावाचा तयार ब्रश असाच आहे. क्रिटा मोफत आहे, त्यामुळे ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना मी तिथूनच सुरुवात करायला लावते.

फ्लो आणि ओपॅसिटीचा गोंधळही इथेच मिटवून टाकू. ओपॅसिटी ही एका फटकाऱ्याची कमाल मर्यादा. ५० टक्के ठेवली तर पेन न उचलता कितीही घासा, ५० च्या वर जाणार नाही. फ्लो म्हणजे प्रत्येक ठसा किती रंग टाकतो ते. फ्लो १० टक्के असेल तर ठसे साचत साचत रंग चढतो, आणि फटकाऱ्याच्या मध्यावर ठसे जास्त चढतात, कडेला कमी. म्हणजे हार्डनेस १०० असूनही कड मऊ. आधी दोन्ही १०० वर ठेवा. मधल्या छटा हव्यात तर त्या पॅलेटमध्ये रंग निवडून आणा, पारदर्शकतेतून काढू नका. हे माझं ठाम मत आहे. निदान पहिले सहा महिने प्रत्येकाने असंच काम करावं. रंग निवडायची जबाबदारी आली की माणूस कड कुठे ठेवायची याचाही विचार करायला लागतो.

हाताबद्दल थोडंसंच. हळू ओढलेल्या रेघेत थरथर उतरते. लांब कडेसाठी मनगट स्थिर ठेवून कोपरापासून, खांद्यापासून हात फिरवा आणि एका दमात ओढा. जमलं नाही तर ती रेघ मागे घ्या (अनडू) आणि पुन्हा तीच रेघ मारा, पण त्याच रेघेवर दुसरी मारू नका. स्मूदिंग किंवा स्टॅबिलायझर (हाताची थरथर गाळणारी सोय) १०-२० टक्के असेल तर मदत होते. जास्त ठेवलं की रेघ पेनच्या मागून रेंगाळते आणि कोपरे गोल होतात. सरळ कडेसाठी फोटोशॉपमध्ये एका टोकाला टिचकी मारून शिफ्ट दाबून दुसऱ्या टोकाला टिचकी. क्रिटात व्ही दाबून ओढा. प्रोक्रिएटमध्ये रेघ ओढून पेन तसंच धरून ठेवलं की ती सरळ होते.

रंगवून नाही, कापून

गणपतीच्या कारखान्यात अंगावरची छटा स्प्रे गनने देतात. गालावरची लाली, पोटावरचा उजेड हे सगळं फवाऱ्याने, मऊ. सोंडेचा पट्टा किंवा सोवळ्याचा काठ मारताना शेजारचा भाग झाकून घेतात. आणि डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, बारीक कुंचल्याने, श्वास रोखून. फवारा मारून कुणी डोळे काढत नाही. डिजिटल चित्रात मात्र मी मुलांना एकाच ब्रशने लाली आणि आखणी दोन्ही करताना बघते.

झाकून रंगवण्याची सोय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि माझ्या मते करकरीत कडेचा हा सगळ्यात खात्रीचा रस्ता आहे. लॅसोने, म्हणजे रेघ ओढून भाग निवडणाऱ्या टूलने, आकार कापून घ्या. फेदर, म्हणजे निवडीची कड मऊ करणारा आकडा, ० हवा. चुकून २ किंवा ५ राहिला असेल तर सगळी मेहनत पाण्यात. अँटी-अलायसची खूण मात्र असू द्या. मग आत रंग ओता. फोटोशॉपमध्ये विंडोजवर ऑल्ट आणि बॅकस्पेस दाबलं की निवडलेला भाग रंगाने भरतो. त्यानंतर त्या लेयरचे, म्हणजे चित्राच्या त्या थराचे, पारदर्शक पिक्सेल लॉक करा. आता आत हवा तेवढा मऊ ब्रश वापरा, रंग कडेबाहेर एक पिक्सेलही जाणार नाही. आत लोण्यासारखे उतार, बाहेर सुरीने कापल्यासारखी धार. क्लिपिंग मास्कनेही (वरचा लेयर खालच्या आकारापुरताच दिसू देणाऱ्या सोयीने) हेच साधतं, आणि खालचा आकार नंतर बदलता येतो म्हणून मला तो जास्त आवडतो.

दुसरी युक्ती जुन्या पाट्या रंगवणाऱ्यांची. जांभळी नाक्याच्या एका दुकानाची पाटी रंगवताना मी लहानपणी तासभर उभी राहिले होते. पेंटरकाकांनी 'र' ची गाठ आधी थोडी जाडच काढली. मग चपट्या कुंचल्यात पार्श्वभूमीचा पिवळा घेतला आणि बाहेरून आत दाबत आणला. अक्षराची कड अक्षराच्या रंगाने नव्हे, मागच्या रंगाने तासली गेली. डिजिटलमध्ये हेच कडक खोडरबराने करा. आकार थोडा मोठा भरा आणि बाहेरून तासा. क्रिटात ई दाबलं की हातातला ब्रशच खोडरबर होतो, त्यामुळे काढण्याची आणि तासण्याची धार एकसारखी राहते. तासलेली कड मला नेहमीच ओढलेल्या कडेपेक्षा जास्त ठाम वाटते.

बादलीने रंग भरल्यावर रेघेलगत फिकट पांढरी किनार राहते ना? तीही कडेच्या मधल्या रंगाच्या पिक्सेलमुळेच. बादली ते पिक्सेल वेगळे समजून सोडून देते. रंग रेघेखालच्या वेगळ्या लेयरवर भरा आणि भरायचा भाग १-२ पिक्सेलने वाढवा. क्लिप स्टुडिओ आणि क्रिटा दोन्हींच्या बादलीत ही सोय आहे.

काढून झाल्यावर

धारदार काढलेली कड नंतरही मरते, आणि ती मारतो बहुधा ट्रान्सफॉर्म. काळा ० आणि पांढरा २५५ अगदी शेजारी आहेत. चित्र अर्धा पिक्सेल सरकवलं तर मध्ये १२८ येतो. पुन्हा अर्धा सरकवलं तर मध्ये ६४ आणि १९१ असे दोन. प्रत्येक वेळी फिरवणं, ताणणं, तिरकं करणं म्हणजे शेजारच्या पिक्सेलची अशीच सरासरी. माणसाचा हात जरा फिरवला, एंटर, मग जरा मोठा केला, एंटर, मग परत थोडा फिरवला, असं पाच वेळा केलं की हात कापसाचा होतो. फिरवणं, मोठं करणं, सरकवणं हे सगळं एकाच ट्रान्सफॉर्ममध्ये उरका. फोटोशॉपमध्ये आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्या, म्हणजे दर वेळी मूळ चित्रावरूनच हिशेब होतो.

कॅनव्हासचा आकारही इथेच येतो. छापायच्या ए-४ साठी ३०० पीपीआयवर (एका इंचात ३०० पिक्सेल) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. १००० पिक्सेल रुंदीवर काढून नंतर अडीचपट मोठं केलं तर एक पिक्सेलची कड अडीच पिक्सेलची होणार. पीपीआयचा आकडा एकटा काही करत नाही, पिक्सेल किती आहेत ते बघा. पिक्सेल मोजायला ८०० टक्के, पण कड कशी दिसते ते बघायचं तर १०० टक्के झूमवर. ६६ किंवा ३३ टक्क्यांवर सॉफ्टवेअर पिक्सेल मिसळून दाखवतं, त्यामुळे नसलेला दोष दिसतो किंवा असलेला लपतो.

गेल्या वर्षी एका मंडळासाठी मी फलकाचं चित्र केलं. सपाट लाल, सपाट निळा, मध्ये धारदार कडा. गडबडीत चित्र व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखं पाठवलं आणि छपाईवाल्याने तेच छापलं. सहा फुटी फलकावर लाल-निळ्याच्या सीमेवर मळकट मुंग्या पसरल्या होत्या. मला रात्रभर झोप लागली नाही, कारण त्या कडांवर मी दोन दिवस घालवले होते. जेपीईजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकडा लहरींच्या बेरजेने मांडतं. मऊ उतार लहरींनी छान मांडता येतो. धारदार कडेला फार बारीक लहरी लागतात, आणि दाबताना आधी त्याच फेकल्या जातात. मग कडेभोवती ते ओरखडे उरतात. शिवाय रंगाची माहिती बहुतेक वेळा उजेडाच्या माहितीपेक्षा निम्म्या बारकाईने साठवली जाते, म्हणून लालशेजारचा निळा सगळ्यात जास्त मार खातो. सपाट रंगांची, धारदार कडांची चित्रं पीएनजीमध्ये ठेवा. त्यात काहीही गळत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शार्पन फिल्टरबद्दल मला नेहमी विचारतात. तो कडेची एक बाजू आणखी उजळ आणि दुसरी आणखी गडद करतो. अगदी शेवटी, हलक्या हाताने ठीक आहे. पण नऊ पिक्सेलचा जिना त्याने एक पिक्सेलचा होत नाही, जिन्याला फक्त चमकदार कठडा लागतो. मास्कची (लेयरचा कुठला भाग दिसावा हे ठरवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चित्राची) कड मऊ झाली असेल तर त्यापेक्षा त्या मास्कवर लेव्हल्स उघडा आणि काळी-पांढरी टोकं एकमेकांजवळ आणा. उतार खरोखर अरुंद होतो.

डोळा कशाला कड म्हणतो

पिक्सेल मोजून झाले तरी एक गोष्ट उरते. दगडाचा रंग १२०, पाण्याचा १२८ असेल तर मधली कड एका पिक्सेलची असली तरी डोळ्याला ती मऊच वाटेल. तेच ४० आणि २१० शेजारी ठेवा, चार पिक्सेलचा उतार असला तरी धार जाणवेल. आपला डोळा कडेच्या दोन्ही बाजूंचा फरक स्वतःहून वाढवून घेतो. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये उजेडाच्या उतारांच्या टोकांवर दिसणारे असे पट्टे नोंदवले, आणि आजही ते त्याच्या नावाने ओळखले जातात. तेव्हा सगळं बरोबर करूनही कड दिसत नसेल तर ब्रश सोडा आणि रंग बघा. चित्र काळं-पांढरं करून बघितलं की कुठे उजेड-सावलीचा फरकच नाही ते लगेच कळतं.

त्या रविवारी आम्ही येऊर पुन्हा केला. दाबाची ओपॅसिटी बंद. पायऱ्या लॅसोने कापल्या, पारदर्शक पिक्सेल लॉक केले आणि आतला ओला चमकता भाग मऊ ब्रशने केला. माणसाचा खांदा तिने थोडा जाड भरला आणि पाण्याच्या रंगाने बाहेरून तासला. गळाची दोरी ३ पिक्सेलच्या ब्रशने, शिफ्ट धरून, एका झटक्यात. जवळच्या झाडांची वरची कड धारदार केली. मागचा डोंगर तासायला ती निघाली, तेव्हा मी तिला खिडकीशी नेलं. पाऊस पडत होता. समोरच्या इमारतीची गच्ची सुरीने कापल्यासारखी होती, तिच्या मागची इमारत जरा पुसट आणि त्यामागे जे काही होतं त्याला कडच नव्हती.

ती परत येऊन बसली आणि दूरच्या डोंगराचा लेयर तसाच ठेवून तो एकदाच, सगळा मिळून मऊ केला. शेवटी आम्ही पुन्हा ८०० टक्क्यांवर गेलो. खांदा, एक पिक्सेल. पायरी, एक. झाडं, दोन. डोंगर, चौदा. पाण्यातल्या खांद्याच्या प्रतिबिंबाला किती द्यायचे, यावर मात्र तिचं अजून ठरलेलं नाही. पुढच्या रविवारी ती त्याची तीन रूपं करून आणणार आहे.